पहाटेची शीर

अकोल्याच्या एका महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र विभागाच्या शेवटच्या खोलीत मनकर्णाबाई उताण्या पडल्या होत्या आणि त्यांचा उजवा हात त्यांच्या सुनेच्या ताब्यात होता. हात दुसऱ्याच्या ताब्यात देणे त्यांच्या स्वभावात नव्हते. अमरावतीच्या राजापेठेत भाजीचे दुकान लावून त्यांनी उभा संसार ओढला होता. याच हाताने तराजू धरला होता, आणि प्रसंगी उद्धट गिऱ्हाइकाच्या पिशवीतून मेथीची जुडी परत काढून घेतली होती. आता तो हात उशीवर ताणून ठेवला होता, कोपराखाली पट्टा आवळला होता, आणि दंडावर गार लेप लावून रागिणी त्यावर सोनोग्राफीचे टोक टेकवीत होती.

"हलू नका, आई."

"मेल्यासारखी पडली हाय. अजून किती मरू?"

"बोललं तरी हात हलतो."

मनकर्णाबाई गप्प झाल्या. पण ते गप्प बसणे आज्ञाधारकपणाचे नव्हते. योग्य वेळेसाठी शब्द राखून ठेवण्याचे ते गप्प बसणे होते.

चाचणी समजायला अवघड नव्हती. पट्ट्यात हवा भरून हाताचा रक्तपुरवठा पाच मिनिटे अडवायचा आणि मग एकदम सोडून द्यायचा. अडलेले रक्त धावत सुटले, की दंडातली रोहिणी, म्हणजे शुद्ध रक्ताची शीर, त्या लोंढ्याला जागा करून देण्यासाठी आपणहून रुंद होते. लोखंडी नळ असा रुंद होत नाही. जिवंत नळच होतो, आणि तोही त्याचे आतले अस्तर निरोगी असेल तरच. ती शीर किती रुंद होते हे यंत्रावर मोजायचे. हेच मोजमाप पहाटे, दुपारी आणि संध्याकाळी घ्यायचे, आणि निरोगी बाईच्या शिरेचे वागणे दिवसभरात कसे बदलते ते पाहायचे. हा रागिणीच्या पीएच.डी.चा विषय होता. हृदयविकाराचे झटके सकाळच्या प्रहरी अधिक का येतात, या प्रश्नाकडे जाणारी ती एक वाट होती.

त्यासाठी तिला पाळी थांबलेल्या, रक्तदाब-मधुमेह नसलेल्या, व्यसन नसलेल्या बायका हव्या होत्या. अशा बायका कागदावर पुष्कळ असतात. प्रत्यक्षात मात्र परक्या खोलीत हात बांधून घ्यायला कोणी तयार होत नव्हते. शिवाय सोनोग्राफीचे यंत्र नोंदवलेल्या जागेवरून वाटेल तसे हलवायला कायद्याची परवानगी नसते. त्यामुळे यंत्र अमरावतीला नेता येत नव्हते, बायकांनाच अकोल्याला येऊन मुक्काम करावा लागत होता. वर्ष वाया जाऊ लागले, तेव्हा रागिणीच्या नवऱ्याने, चंदनने, आईपुढे हात जोडले.

मनकर्णाबाईंचे आणि सुनेचे लग्नाच्या दिवसापासून जमले नव्हते. सून नोकरीसाठी अकोल्याला राहते, शनिवारी पाहुण्यासारखी येते आणि आल्याआल्या ओट्यावरचे फडके चिमटीत धरून बाजूला टाकते, एवढी कारणे त्यांना पुरेशी होती. तरीही त्या कबूल झाल्या. सून आपल्यावाचून अडली आहे, ही गोष्ट त्यांना आवडली होती. गल्लीतल्या, बाजारातल्या बायका त्यांनीच जमवल्या. शेजारीच फुलांचे दुकान लावणारी धाकटी जाऊ शकुन तर पहिल्याच खेपेला आली.

"माह्या बाया हायेत," त्यांनी सुनेला बजावले होते. "यातली कोनी तंबाखूले शिवत नाई. मी शिवू देत नाई."

हे त्या उगीच म्हणाल्या नव्हत्या. त्यांचे पती शालिकराम खर्ऱ्यापायी, म्हणजे सुपारीत घोटलेल्या तंबाखूपायी, गेले होते. गालात खर्रा धरून ते अखेरपर्यंत "सुपारी हाय" म्हणत राहिले. डॉक्टरांनी तोंड उघडायला सांगितले, तेव्हा दोन बोटेही आत जाईनात. मनकर्णाबाईंनी त्यांचे मरण क्षमा केले होते. खोटे मात्र नाही. त्यानंतर गल्लीच्या तोंडाशी खर्रा घोटणाऱ्या एका पोराची टपरी त्यांनी शिव्या देऊन देऊन उठवली होती.

आकडे चांगले येत होते. पहाटे शीर फारच थोडी रुंद होई, दुपारी सैल पडे, संध्याकाळी त्याहून बरी. सर्व बायकांत मनकर्णाबाईंचा पहाटेचा उतार सर्वांत ठळक होता. विभागप्रमुख प्रियदर्शनी मॅडम स्वतः येऊन त्यांचा आलेख पाहून गेल्या. त्या दिवशी मनकर्णाबाईंनी गाडीत शकुनला ऐकवले, "पाह्यलं? सायबीन माह्याच शिरेपाशी थांबली."

हे सारे एका पहाटे उलटले.

रागिणी एरवी खोलीतच थांबत असे. बायकांना बोलावण्याचे काम परिचारिका करी. त्या दिवशी परिचारिका आली नव्हती, म्हणून रागिणी स्वतः पाहुण्यांच्या खोल्यांकडे गेली. मागच्या ओट्यावर बायका ओळीने उकिडव्या बसल्या होत्या. प्रत्येकीच्या डाव्या तळहातावर काळी पूड होती आणि उजव्या हाताचे बोट तोंडात. बोलणे कोणीच करत नव्हते. त्या घटकेचे सुख ज्यांनी घेतले आहे त्यांनाच ते कळते. डोळे अर्धवट मिटलेले असतात आणि जग थोडे दूर उभे राहते.

"हे काय आहे?" रागिणीने विचारले.

मनकर्णाबाईंचे तोंड भरलेले होते. त्यांनी हाताने थांब म्हटले, मोरीकडे वळून काळी पिचकारी टाकली आणि म्हणाल्या, "मंजन. दात घासून राहिलो. का ते बी मशीनले इचारून घासाव?"

रागिणीने शकुनच्या तळहातावरची चिमूट उचलून नाकाशी नेली. तिचा चेहरा उतरला. मनकर्णाबाईंना तो उतरताना स्पष्ट दिसला, आणि क्षणभर बरेही वाटले.

"ही तंबाखू आहे. भाजून कुटलेली तंबाखू."

"मंजन हाय म्हनलं ना."

"किती दिवस लावता?"

"माह्या लग्नाच्या आधीपासून. दाढ दुखे म्हनून मायनं देल्लं."

"रोज? चाचणीच्या दिवशीसुद्धा? लावल्या लावल्या तुम्ही माझ्याकडे येता?"

"मंग काय पारोश्या तोंडानं येऊ तुह्या मॅडमपुढं?"

"मी तुम्हा सगळ्यांना विचारलं होतं. तंबाखू खाता का? सगळ्या नाही म्हणालात."

"खातच नाई तं काय सांगू?" शकुन मध्ये म्हणाली. "हे खाते का कोनी? थुकून टाकतो आपन."

गफलत अशी झाली होती. विचारणारीने खाण्याबद्दल विचारले होते. सांगणाऱ्यांनी खाण्याबद्दलच सांगितले होते. मंजन बाजारातल्या दुकानातून सुटे येई आणि घरच्या डबीत पडे, त्यामुळे पुडीवरचे इशाऱ्याचे चित्रही कोणी पाहिले नव्हते. रागिणीला हे त्या क्षणी उमगले असते, तर पुढचे बोलणे तिने गिळले असते. पण पहाटेचे जे आकडे घेऊन ती उड्या मारत होती, ते हिरड्यांतून रक्तात गेलेल्या तंबाखूचे असू शकत होते. तंबाखू शिरेला आवळते, हे तिला वेगळे शिकायचे नव्हते. तिचा तोल गेला आणि इतक्या वर्षांच्या प्रमाणभाषेखालची मूळ बोली वर आली.

"माही सारी मेहनत थुंकून टाकली तुमी मोरीत. सरळ सांगाचं होतं ना, का आमी व्यसनी हाओत म्हनून."

मनकर्णाबाई उठून उभ्या राहिल्या.

"काय म्हनली?"

"व्यसनी. तंबाखूचं व्यसन असलेल्या. आबांना खर्ऱ्याचं होतं, तुम्हाला याचं आहे. फरक फक्त डबीचा."

पदर तोंडावर ओढून मनकर्णाबाई आत गेल्या. बाकीच्या बायकांनी पिशव्या भरल्या. आम्हाला व्यसनी म्हणणारीच्या दारात पुन्हा पाय ठेवणार नाही, असे परतीच्या वाटेवर गाडीतच ठरले, आणि ते त्यांनी पाळले.

प्रियदर्शनी मॅडमनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "सकाळचा उतार वेळेचा आहे की तंबाखूचा, हे तुझा आलेख सांगू शकत नाही. म्हणजे तो काहीच सांगत नाही. हे आकडे वापरता येणार नाहीत. नव्या बायका शोध, आणि या वेळी प्रश्न नीट विचार."

"मॅडम, पुन्हा पहिल्यापासून?"

"जुन्यांपैकी कोणी महिनाभर ते सोडून परत हात द्यायला तयार असेल, तर त्या उतारात कोणाचा किती वाटा आहे ते तरी कळेल. मग विषय जिवंत राहील. पण कोण तयार होणार? तू त्यांना काय म्हणालीस ते विभागभर झालंय."

शनिवारी रागिणी राजापेठेला आली, तेव्हा मनकर्णाबाई दुकानावर पालक निवडत होत्या. शेजारी शकुन हार ओवत होती. दुचाक्यांच्या गर्दीतून वाट काढत सून समोर येऊन उभी राहिली तरी त्यांनी मान वर केली नाही.

"आई, महिनाभर मंजन बंद करून पुन्हा एकदा चाचणी द्याल का?"

"व्यसनी बाईले इचारून राहिली तू."

"मला माहीत आहे तुम्हाला राग आहे."

"राग?" मनकर्णाबाईंनी पिवळे पान खुडून रस्त्यावर टाकले. "राग तं भाव पाडून मांगनाऱ्याचा येते मले. तुहा राग नाई येत. तू मले माह्या मेलेल्या नवऱ्याच्या पंगतीले बसवलं. त्याले राग म्हनत नाई."

मनकर्णाबाईंनी मग पालकाची जुडी खाली ठेवली.

"देते मी चाचनी. माही शीर सकायी अशीच राहते, देवानं तशी बनवली, तंबाखूचा तिच्याशी संबंध नाई, हे दाखवते तुले. महिन्यानं बी आकडा खालीच राहिला, तं याच जागी उभी राहून सांगाचं, का मी बुढीले खोटं व्यसनी म्हनलं."

"आणि वर गेला तर?"

"तं मी सांगीन का शालिकरामाची बायको त्याले शोभतच होती."

रागिणीने अट मान्य केली. मात्र जाता जाता तिने आणखी एक गोष्ट बोलून टाकली. "महिनाभर तुम्ही अकोल्याला माझ्याजवळ राहा. म्हणजे खात्री राहील."

"कशाची खात्री?"

"सोडलंय याची."

"जेलात नाई राहत मी. माहा शब्द हाय."

"शब्द मागच्या वेळीही होता, आई."

शकुनने ओवता ओवता सुई थांबवली. मनकर्णाबाईंनी सुनेकडे प्रथमच सरळ पाहिले. "शकुन बी सोडन," त्या म्हणाल्या. "महिन्यानं दोघी येतो आमी. जाय आता, गिऱ्हाईक उभं हाय."

तो महिना राजापेठेच्या त्या कोपऱ्याने पुष्कळ दिवस लक्षात ठेवला. पहिले काही दिवस मनकर्णाबाईंचे डोके असे दुखले, की कपाळाला फडके आवळूनच त्या दुकानावर बसल्या. दाढ दुखत नव्हती. इतकी वर्षे दाढेसाठी लावलेले मंजन बंद झाले आणि दाढेला त्याचा पत्ताच नव्हता. ठणकत होते ते डोके. पोट साफ होईना. भाजी घ्यायला आलेल्या मास्तरणीने कोथिंबीर वर मागितली, तर त्या म्हणाल्या, "फुकटची पाह्यजे तं सासरी मांगा. मी काय वाड्यावरची दासी नाई." चंदनने चहा करून दिला, तो त्यांनी गोड आहे म्हणून ओतला आणि दुसरा फिका आहे म्हणून ओतला.

शकुन मात्र फुलासारखी टवटवीत होती. एका सकाळी दुकाने मांडता मांडता मनकर्णाबाईंनी तिला विचारले, "तुह्यं डोकं नाई दुखत?"

शकुन हसली. "बाई, तुमी भोळ्या हा. जरा इचार करा. लावलं तं आकडा खालीच राहीन. आकडा खाली राहिला का तुमीच जिंकल्या. डोकं बी नाई दुखनार अन् सून बी तोंडावर पडन. सोडून तुमाले काय भेटन? सोडलं अन् आकडा वर गेला, तं आपल्या हातानं हरल्या."

मनकर्णाबाई हातातला वांग्यांचा वाटा तसाच धरून राहिल्या. हे त्यांच्या ध्यानातच आले नव्हते. व्यवहार म्हणून पाहिला तर शकुनचे बोलणे बिनतोड होते. एक चिमूट हिरडीला लावली, की दुखणारे डोकेही शांत होणार होते आणि अटही जिंकली जाणार होती. पाहणारे कोणी नव्हते. सुनेकडे त्यांचा शब्द सोडला तर काही नव्हते, आणि त्या शब्दाला तिने आधीच शून्य किंमत दिली होती. मग तो पाळायचा कोणासाठी?

शकुनने डबी पुढे केली. मनकर्णाबाईंचे बोट डबीपर्यंत गेले. तेवढ्यात त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू आला, आपण सुनेला म्हणणार होतो, "मंजन नाई लावलं, नुसतं मीठ हाय." गालात खर्रा धरून शालिकराम असेच तर बोलत होते. त्यांनी बोट मागे घेतले आणि शकुनच्या हाताला असा फटका दिला, की काळी पूड झेंडूच्या टोपलीभर उडाली.

"माही फुलं," शकुन म्हणाली. "बाई, ही बोहनीची फुलं होती."

"धुवून इक," मनकर्णाबाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून दोघींचे बोलणे तुटल्यासारखेच झाले. तरी ठरल्याप्रमाणे दोघी अकोल्याला गेल्या. मुक्कामाच्या खोलीत पहाटे शकुन लवकर उठून न्हाणीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. बाहेर आली तेव्हा तिने तोंडात लवंग टाकली होती. मनकर्णाबाईंनी तिच्या उजव्या हाताच्या बोटाकडे पाहिले. नखाच्या कडेला काळे होते. त्या काही बोलल्या नाहीत; जावेची चोरी सुनेच्या दारात उघडी करणे त्यांना हलकेपणाचे वाटले.

चाचण्या झाल्या. रागिणीने या वेळी पट्टा आवळताना "दुखतंय का" एवढेही विचारले नाही. मनकर्णाबाईंनीही दुखत असून सांगितले नाही. संध्याकाळचे मोजमाप झाल्यावर दोघींना बाकावर बसवून रागिणी संगणकापुढे बसली. शेजारी प्रियदर्शनी मॅडम उभ्या होत्या. दोघी एकाच पडद्याकडे पाहत हळू बोलत होत्या आणि मॅडम पुन्हा पुन्हा मान आडवी हलवीत होत्या.

शेवटी रागिणी खुर्ची फिरवून समोर बसली. तिचा आवाज सपाट होता.

"आई, तुमचा सकाळचा आकडा वर गेला आहे. पूर्ण नाही, पण गेला आहे. शकुनकाकूंचा जिथे होता तिथेच आहे. दोघींनी सोडलं, एकीचा बदलला, एकीचा नाही. यावरून काहीच सिद्ध होत नाही. तुमचा फरक योगायोगाचा असू शकतो. तंबाखूवर ठपका ठेवता येत नाही, म्हणून बाजी तुमची, आणि मी माझा शब्द मागे घेते. शनिवारी दुकानावर येऊन सांगेन."

"आणि विषय?" मनकर्णाबाईंनी विचारले.

"विषय संपला," मॅडमनी उत्तर दिले. "निदान या बायकांपुरता."

शकुनने कोपराने मनकर्णाबाईंना हळूच ढोसले. तिच्या चेहऱ्यावर हसू मावत नव्हते. मनकर्णाबाईंनी सुनेकडे पाहिले. रागिणी रडत नव्हती. रडली असती तर त्यांना बरे वाटले असते. तिने यंत्राच्या टोकावरचा लेप पुसायला घेतला होता आणि पुसून स्वच्छ झालेले टोक ती पुन्हा पुसत होती. तिची कीव त्यांना आली नाही. आला तो संताप. आणि तो नेमका कोणावर आहे हे ठरवायला त्यांना थोडा वेळ लागला. जिंकलेली बाजी हातात होती. पण त्या बाजीला काळ्या पुडीचा वास येत होता.

"शकुननं सोडलं नाई," त्या म्हणाल्या.

"बाई," शकुन म्हणाली.

"आज सकायी बी लावलं तिनं. न्हानीत. महिनाभर लावलं."

शकुन ताडकन उठली. "तुमच्यासाठी लावलं मी. तुमी जिंकाव म्हनून. अन् तुमी या पोरीपुढं, जिनं तुमाले भर ओट्यावर उघडं पाडलं, तिच्यापुढं मले इकून टाकता? आता माह्या दुकानाशेजारी सावली बी पाडू नका तुमची."

"सावली माह्या जागेवर पडते. तुले नको असन तं तू सरक."

शकुन पिशवी उचलून बाहेर गेली. बाहेरच्या लोखंडी फाटकाचा आवाज खोलीपर्यंत आला. प्रियदर्शनी मॅडमनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

रागिणी सासूपुढे येऊन उभी राहिली. मनकर्णाबाईंना वाटले, ही आता पाया पडेल, आणि पडली तर आपण पाय मागे घ्यायचे असे त्यांनी ठरवूनही टाकले.

"हे तुम्हाला पहाटेच माहीत होतं," रागिणी म्हणाली. "मोजायच्या आधी का नाही सांगितलंत? माझा एक दिवस वाया घालवलात."

"तू इचारलं काहून नाई?"

"सारखं मीच विचारायचं?"

"तुह्या कामाचं हाय ते. माहं काम भाजी इकायचं."

कोणी नजर खाली केली नाही. मग रागिणी पडद्याकडे वळली आणि मनकर्णाबाईंचे जुने व नवे आकडे तिने एकाखाली एक घेतले. मॅडम पुढे वाकल्या. या वेळी त्यांची मान आडवी हलली नाही.

"काय निघालं ते सरळ सांग," मनकर्णाबाई म्हणाल्या. "गोल गोल नको."

"पहाटेचा उतार आहे. तुम्ही म्हणत होतात तसा, शीर सकाळी थोडी आखडतेच. पण आधी दिसत होता त्याच्या निम्माच. उरलेला निम्मा तुमच्या मंजनाचा होता."

मनकर्णाबाईंनी आपल्या हाताकडे पाहिले. पट्ट्याचा वळ अजून उतरला नव्हता.

"मंजनाचा काहून म्हनते?" त्या म्हणाल्या. "तंबाखूचा म्हन."